फटफटीचें रबर : जपणूक आणि जोडणी

बालाघाटाच्या पठारावर, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या देवणीचें नांव काढलें कीं प्रथम डोळ्यांपुढें उभा राहतो तो तेथील बैल. वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा हे त्याचे तीन प्रकार. गुरांची ज्याला पारख आहे अशा माणसाला हीं नांवें मराठवाड्याबाहेरही परकीं नाहींत. जेथें बैल तेथें चामडें आलेंच. विहिरीवर मोट चालत होती त्या काळीं मोटेचें चामडें, जुंपणीच्या वाद्या, घुंगुरमाळांचे पट्टे या सर्वांना वरचेवर तेल पाजावें लागे. तेल न मिळालेलें चामडें उन्हांत वाळतें, ताठरतें आणि तडकतें. तेल मिळालें कीं पुन्हां मऊ पडतें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचा खांदा हळद-तुपानें मळावयाचा, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. ज्याच्याकडून काम घ्यावयाचें त्याच्या अंगाला स्निग्ध कांहीं तरी लावावें, हा संस्कार अशा रीतीनें मनांत खोल रुजलेला असतो.

संस्कार चांगला, परंतु बैलाशेजारीं अंगणांत फटफटी उभी राहिली त्या दिवशीं त्याला एक अपवाद जोडावयास हवा होता. तो जोडावयाचा राहून गेला. दसऱ्याला गाडी धुवावयाची, हँडलला झेंडूची माळ घालावयाची आणि काळ्या रबराला चकाकी यावी म्हणून त्यावर तेलाचा बोळा फिरवावयाचा, हें घरोघरचें दृश्य आहे. गाडी धुण्याच्या दुकानांतून तर चिखल व गंज यांवर उपाय म्हणून गाडीच्या पोटावर डिझेलचा फवाराही मारतात. त्या दिवसापुरतें रबर काळेंभोर दिसतें. पुढें तें हळूहळू फुगतें, बोटाला चिकटूं लागतें, आपल्या जागेवर सैल होतें, आणि मालक म्हणतो कीं हल्लींचें रबरच वाईट. वास्तविक दोष रबराचा नसतो, औषधाचा असतो. चामड्याला जें अमृत तें रबराला विष, एवढी एकच गोष्ट ध्यानांत आली तरी जुन्या गाडीचें निम्मे आयुष्य राखलें जाईल.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. सैल झालेलें मुठीचें रबर वळणावर हातांतल्या हातांत फिरलें, तर गाडीवरचा ताबा त्या क्षणीं सुटतो. फूटरेस्टचें रबर पायाखालून निसटलें, तर ब्रेकवर जाणारा पाय रस्त्यावर जातो. पेट्रोलची नळी तडकली, तर पेट्रोलचे थेंब तापलेल्या इंजिनावर पडतात. लोखंडाचा मोठा भाग मोडण्यापूर्वीं आवाज करतो, हादरे देतो, सूचना देतो. रबराचा लहान तुकडा मात्र मुकाट्यानें मरतो. म्हणूनच त्याच्याकडे माणसानें आपण होऊन लक्ष पुरवावें लागतें.

रबर हें मुळांत झाडाचा चीक. तें ज्या झाडाचें, त्याचें बीज १८७६ सालीं हेन्री विकहॅम यानें ब्राझीलमधून इंग्लंडांत नेलें, आणि तेथून त्याचीं रोपें लंका, मलाया इत्यादि देशांत पसरलीं. केरळांत त्याची व्यापारी लागवड १९०२ च्या सुमारास सुरू झाली, आणि आज महाराष्ट्रांतही सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दोडामार्गाच्या बाजूस रबराच्या बागा दृष्टीस पडतात. परंतु नुसता चीक वाळवून केलेलें रबर उन्हाळ्यांत चिकट आणि थंडींत ठिसूळ होतें. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला असें आढळून आलें कीं, रबरांत गंधक मिसळून तें तापविलें असतां हा दोष जातो. रबराचे कण म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींवरून घसरतात म्हणून कच्चें रबर ओघळतें. गंधक या साखळ्यांना जागोजाग गांठी मारतो. गांठी मोजक्या असल्या म्हणजे रबर ताणलें जातें आणि सोडतांच मूळ जागीं परत येतें. रबराचा जीव तो हाच.

या जिवाला चार शत्रु आहेत. पहिला शत्रु उष्णता. उष्णतेनें, आणि हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें, साखळ्यांमध्यें नकोत तेवढ्या नव्या गांठी पडत जातात आणि रबर ताठर होतें. तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं रबराचें म्हातारपण सुमारें दुप्पट वेगानें येतें, असा एक ढोबळ नियम आहे. लातूर-नांदेडकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांपुढें जाणें नवलाचें नाहीं, आणि उन्हांत उभ्या केलेल्या गाडीचें काळें रबर हवेपेक्षां पुष्कळच अधिक तापतें. थंड हवेच्या देशांत तयार झालेल्या नियमपुस्तकांत रबर अमुक वर्षें टिकतें असें लिहिलेलें असेल, तर देवणीच्या उन्हांत त्या आंकड्यावर विसंबूं नये.

दुसरा शत्रु सूर्यप्रकाश. रबर काळें असतें तें त्यांत मिसळलेल्या काजळीमुळें. ती काजळी रबराला बळकटी देते आणि प्रकाशांतील घातक किरण आपण शोषून घेते. म्हणूनच पांढरीं वा रंगीत रबरें काळ्या रबरापेक्षां आधीं भेगाळतात. तिसरा शत्रु ओझोन. हा हवेंत अत्यल्प प्रमाणांत असतो, परंतु ताणलेल्या रबराच्या साखळ्या तो नेमक्या तोडतो. विजेच्या मोटारीच्या ठिणग्या आणि वेल्डिंगची ज्योत यांतूनही तो निर्माण होतो. म्हणून पिठाच्या गिरणीच्या खोलींत किंवा वेल्डिंगच्या दुकानाला लागून जुनी गाडी दीर्घकाळ ठेवूं नये. चौथा शत्रु तेल, आणि त्याचेच भाऊबंद पेट्रोल, डिझेल, रॉकेल व ग्रीस. नैसर्गिक रबर हे पदार्थ शोषून घेतें. साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात. रबर फुगतें आणि त्याची ताकद जाते.

येथें एक शंका साहजिकच निघेल. तेल रबराला इतकें घातक असेल, तर इंजिनाच्या आंत, ऐन तेलांत बसविलेलीं सीलें कशीं टिकतात? त्याचें उत्तर असें कीं, तें रबर झाडाचें नव्हे. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींत नायट्राइल नांवाचें कृत्रिम रबर तयार झालें. तें तेलाला व पेट्रोलला चांगली दाद न देणारें निघालें. ऑइल सीलें आणि पेट्रोलच्या नळ्या त्या जातीच्या रबराच्या करतात. उलट, मुठी, फूटरेस्ट, टाकीच्या बाजूचीं गुडघ्याचीं रबरें, टायर, ट्यूब यांत बहुधा नैसर्गिक किंवा तेलाला न जुमानणारें नव्हे असेंच रबर असतें. तेव्हां नियम सोपा आहे : ज्या रबराचा तेलाशीं रोजचा व्यवहार आहे, त्यालाच तेलाचा स्पर्श होऊं द्यावा, इतरांना कधींही नाहीं. एरंडेल हा या नियमाला एक अपवाद आहे. तें नैसर्गिक रबराला फुगवीत नाहीं, आणि म्हणूनच पूर्वीं मोटारींच्या ब्रेकच्या द्रवांत एरंडेल आणि मद्यार्क यांचें मिश्रण वापरीत. परंतु फूटरेस्टला किंवा मुठीला एरंडेल फासणें म्हणजे घसरण्याची आपल्या हातानें सोय करणें होय; तेव्हां त्या अपवादाचा आधार फटफटीच्या मालकानें घेऊं नये.

रबराची परीक्षा करण्यास यंत्र लागत नाहीं. अंगठ्याचें नख त्यावर दाबावें. खूण उमटून लगेच मावळली, तर रबर जिवंत आहे. खूण उमटलीच नाहीं, तर तें उष्णतेनें ताठरलें आहे. खूण उमटून तशीच राहिली आणि बोटाला काळें लागलें, तर तेलानें घात केला आहे असें समजावें. भेगांचीही एक भाषा आहे. ताणाच्या दिशेला आडव्या, समांतर भेगा ओझोनच्या. वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या वेड्यावांकड्या बारीक भेगा उन्हाच्या. बाजारांत खोंड घेतांना त्याचे दांत, खूर व वशिंड पाहिल्याखेरीज जो पैसे मोजीत नाहीं, त्यानें जुनी गाडी घेतांना ही दोन मिनिटांची परीक्षा टाळूं नये.

मराठवाड्यांत ज्या जुन्या फटफट्या अद्याप कोठें कोठें जिवंत आहेत, त्यांत तीन कुळें विशेष ओळखीचीं. पहिलें बुलेटचें. हिचें मूळ घर इंग्लंड. १९५५ पासून ती मद्रासेस जुळूं लागली. दुसरें जावा आणि येझदी यांचें. मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्याच्या या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत १९६१ पासून निघूं लागल्या, आणि तो कारखाना १९९६ मध्यें बंद पडला. तिसरें एस्कॉर्ट्स कंपनीच्या राजदूतचें. पोलंडमधील एसएचएल या गाडीवरून घेतलेली ही गाडी खडतर रस्त्यांवर दुधाच्या किटल्या वाहून प्रसिद्धीस आली. बुलेटचें नांव आजही चालू असलें, तरी त्या काळच्या गाडीचे सुटे भाग आजच्या गाडीला लागत नाहींत. राजदूत आणि जुनी जावा यांचे तर मूळ कारखान्यांतील भाग संपल्यांतच जमा आहेत. बाजारांत मिळतात त्या बहुतेक नकला. त्यांपैकीं कांहीं चांगल्या, कांहीं केवळ आकारानें सारख्या. म्हणून घरांत जें मूळ रबर शिल्लक आहे तें जपणें, आणि नवें बसवावें लागलें तर तें पक्कें बसविणें, हीं दोन्हीं कामें सारख्याच महत्त्वाचीं होत.

प्रथम धोक्याच्या जागा घ्याव्या. त्यांत अग्रमान पेट्रोलच्या नळीचा. नळी बाहेरून ठीक दिसली तरी वांकवून पाहावी. वांकवितांच पृष्ठभागावर बारीक भेगा उमलल्या तर ती त्याच दिवशीं बदलावी. देशांत २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. लातूर जिल्ह्यांतल्या उसाशींही नातें सांगणारा हा मद्यार्क जुन्या पद्धतीच्या पुष्कळ रबरांना मानवत नाहीं; तें त्यांत फुगतें, नरम पडतें, आणि गाडी बरेच दिवस कोरडी उभी राहिली कीं आक्रसून ताठर होतें. याकरितां जुन्या साठ्यांतील नळी, ती न वापरलेली असली तरी, घेऊं नये. वीस टक्के इथेनॉलला चालेल असें ज्यावर स्पष्ट म्हटलें आहे तीच नळी घ्यावी. बसवितांना नळीचें तोंड नळाच्या फुगीर कड्याच्या पलीकडे जाईपर्यंत सरकवावें आणि क्लिप कड्याच्या मागें आवळावी. क्लिपऐवजीं बारीक तार करकचून बांधण्याची जी रीत आहे ती सोडावी. तार हादऱ्यानें रबरांत रुतते आणि नळी नेमकी तेथेंच कापली जाते. नळी सिलिंडरपासून दूर राहावी व तिला कोठेंही मोड पडूं नये.

दुसरी जागा हवेची. हवेची चाळणी आणि कार्ब्युरेटर यांमधील रबरी नळीला भेग गेली, तर काळ्या मातीच्या रस्त्यावरची धूळ न गाळतां सरळ इंजिनांत जाते आणि पिस्टन व सिलिंडर यांना पॉलिश कागदाप्रमाणें घांसून काढते. जावा, येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्यांत याहून सूक्ष्म असा एक धोका आहे. क्रँकशाफ्टच्या टोकांचीं सीलें ताठरलीं कीं इंजिन तेथून चोरून हवा ओढतें. हवा वाढली, पेट्रोल तितकेंच राहिलें, म्हणजे जाळ अधिक तप्त होतो. मूठ सोडली तरी इंजिनाची गति लवकर उतरत नाहीं, ही त्याची खूण. त्याकडे दुर्लक्ष केलें तर लांबच्या प्रवासांत पिस्टन सिलिंडरला धरून बसतो आणि मागचें चाक अकस्मात् अडतें. नवें सील बसवितांना त्याची ओठासारखी कड आंतल्या बाजूस, म्हणजे ज्या बाजूनें दाब येतो तिकडे असावी. शाफ्टवरील गंज व ओरखडे काढावे. आणि त्या ओठाला इंजिनाच्याच तेलाचें एक बोट लावावें. हें सील तेलांत राहणाऱ्या जातीचें असल्यानें येथें तेल योग्यच आहे.

तिसरी जागा टायरची. टायर झिजल्यावर बदलावयाचा, एवढेंच पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु जुनी गाडी थोडी चालते. तिचा टायर झिजण्याआधीं म्हातारा होतो. टायरच्या रबरांत एक प्रकारचें मेण व ओझोनला आवरणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. चाक फिरत असतां टायर दबतो, सुटतो, आणि हीं द्रव्यें आंतून पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली कीं हा पुरवठा मंदावतो. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीपेक्षां झांकून ठेवलेल्या गाडीच्या टायरला पुष्कळदां आधीं भेगा जातात. २००० सालापासूनच्या टायरवर बाजूस चार आंकडे असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर तयार झाल्यास दहा वर्षें लोटलीं असतील, तर त्याची नक्षी कितीही शाबूत असली तरी त्यावर माणूस बसवूं नये. टायर बसवितांना रिमवरची रबरी पट्टीही बदलावी, कारण ती फाटली कीं आऱ्यांचीं डोकीं ट्यूबला टोंचतात. ट्यूबवर शंखजिऱ्याची भुकटी फासावी, म्हणजे ती टायरला चिकटत नाहीं. व्हॉल्व्हची चकती रिमपर्यंत आवळून न टाकतां वर, टोपणाशीं लावून ठेवावी. मग टायर रिमवर सरकूं लागला तर व्हॉल्व्ह तिरपा दिसतो आणि ट्यूबचा गळा तुटण्याआधीं सूचना मिळते.

आतां हातापायांचीं रबरें. जुनी मूठ काढावयाची असेल तर ती चाकूनें कापण्याची घाई करूं नये. मूळची असेल तर ती पुन्हां मिळणार नाहीं. सायकलच्या आऱ्याचें टोक घांसून गुळगुळीत करावें, तो मुठीखालीं सरकवावा, त्या फटींतून थोडें स्पिरिट सोडावें आणि मूठ पिळत पिळत ओढावी. नवी मूठ चढविण्यापूर्वीं हँडलची नळी स्पिरिटनें पुसून निखालस कोरडी व तेलमुक्त करावी. मग मुठीच्या आंत स्पिरिट फिरवून ती एका दमांत चढवावी. स्पिरिट उडून जातें आणि रबर नळीला घट्ट धरतें. ग्रीस लावून चढविलेली मूठ चढते झटकन्, पण फिरतेही तितक्याच झटकन्. हें काम विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेंत करावें आणि रात्रभर गाडीला हात लावूं नये. ॲक्सिलरेटरची मूठ शेवटपर्यंत दामटूं नये. टोकाशीं थोडी फट राहिली पाहिजे. बसविल्यावर मूठ पूर्ण फिरवून सोडावी. ती आपण होऊन पटकन् मागें आलीच पाहिजे. हँडल दोन्हीं बाजूंना वळवूनही हीच परीक्षा घ्यावी. अधिक पक्केपणा हवा असेल तर शर्यतीचे लोक करतात त्याप्रमाणें मुठीच्या खांचेंत बारीक न गंजणारी तार फिरवावी. मात्र तारेचें पिळलेलें टोक तळहाताच्या बाजूला न ठेवतां रबरांत दाबून टाकावें.

फूटरेस्टचें रबर ताठ असतें आणि दांडी मात्र मोठी, म्हणून येथें तेलाचा मोह विशेष होतो. त्याऐवजीं रबर कांहीं मिनिटें कढत पाण्यांत ठेवावें, दांडीचा गंज घांसून तिला रंग द्यावा, रंग पुरता वाळूं द्यावा, आणि साबणाच्या पाण्याचा हात देऊन रबर पिळत सरकवावें. पाणी वाळलें कीं पकड येते. टोकाला चकती व पेच असेल तर तो विसरूं नये. मूळ योजनेंतली ती चकती हेंच त्या रबराचें कुलूप. ज्या दांडीवरचें रबर वारंवार निसटतें, तेथें बहुधा ही चकतीच हरवलेली असते.

टाकीच्या बाजूचीं गुडघ्याचीं रबरें दोन तऱ्हांनीं बसविलेलीं असतात. कांहीं पत्र्याच्या चौकटींत अडकवून पेचानें आवळतात, कांहीं चिकटवितात. चिकटविण्यास पंक्चरवाल्याचें सोल्यूशन चालतें, पण रीत पंक्चरचीच पाळावी. दोन्हीं पृष्ठभाग स्वच्छ करावे, रबराची आंतली बाजू काचकागदानें खरबरीत करावी, दोन्हींवर पातळ थर द्यावा, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावें, आणि मग एकदांच, नेमक्या जागीं दाबावें. क्षणांत पकडणारे डिंक येथें कामाचे नाहींत. ते वाळून कांचेसारखे ठिसूळ होतात आणि हादऱ्यानें सुटतात. पेट्रोल भरतांना तें रबरावर ओघळलें तर तत्काळ पुसावें, कारण पेट्रोल रबरालाही खातें आणि सोल्यूशनलाही विरघळवितें. या रबरांमागें पावसाचें पाणी सांचून टाकीचा पत्रा आंतल्या आंत गंजतो. याकरितां जीं पेचाचीं आहेत तीं पावसाळ्यानंतर एकदां सोडवून मागचा पत्रा पुसावा व पाहावा.

राहिलीं तीं दृष्टीआड असलेलीं रबरें. बुलेटच्या मागच्या चाकांत, चेनच्या चक्रीमागें, धक्के पिणारीं रबरें असतात. चाक हातानें घट्ट धरून चक्री मागेंपुढें हलवावी. फार खेळ आढळला तर तीं दबून गेलीं आहेत. तीं बसवितांना शंखजिरें किंवा साबणाचें पाणी वापरावें. विजेच्या तारा पत्र्याच्या भोंकांतून जातात तेथें एक लहान रबरी कडें असतें. हें दोन-चार रुपयांचें कडें निसटलें कीं पत्र्याची धार तारेचें वेष्टण कापते, तार पत्र्याला टेंकते, आणि दिवा विझण्यापासून गाडी पेटण्यापर्यंत कांहींही घडूं शकतें. बॅटरी आवळणारी रबरी पट्टी सैल असेल तर बॅटरी खड्ड्याखड्ड्याला उडते. या तुकड्यांची एकदां यादी करून ठेवावी आणि वर्षांतून दोनदां, उन्हाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, ती पडताळून पाहावी.

नित्याची निगा याहूनही सोपी आहे. सौम्य साबणाचें कोमट पाणी, मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, कोरडें फडकें आणि सावली, एवढेंच रबराला लागतें. धुलाईच्या दुकानांत गाडी द्यावी लागली तर डिझेल नको असें आधींच बजावावें. तेल सांडलेंच तर तें साबणानें लगेच धुवावें. चकाकीचीं द्रव्यें टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर व फूटरेस्टवर कदापि लावूं नयेत. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ती मधल्या स्टँडवर, खालीं फळी घालून, दोन्हीं चाकें शक्य तितकीं अधांतरीं राहतील अशी ठेवावी. एकाच जागीं दबून राहिलेला टायर तेथें चपटा होतो. टायरमधील हवा कमी होऊं देऊं नये. वर प्लास्टिकऐवजीं सुती कापड घालावें, आणि पत्र्याच्या तापणाऱ्या छपरापेक्षां धाब्याच्या किंवा मातीच्या भिंतीच्या थंड खोलींत गाडीला जागा द्यावी. राखून ठेवावयाचीं रबरें धुऊन, वाळवून, शंखजिरें लावून, कागदांत गुंडाळून अंधाऱ्या पेटींत, न ताणतां ठेवावीं. ट्यूब खिळ्यावर टांगून ठेवली कीं खिळ्यावरच्या वळणावर ताण येतो, आणि ओझोनची पहिली भेग तेथेंच पडते.

मूळ रबर आणि निर्धोक रबर यांत निवड करावी लागली तर काय करावें, हा जुन्या गाड्यांच्या मालकांना पडणारा खरा पेंच. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकींना व मोटारींना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी देण्याचे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केले. अशा गाड्यांच्या नंबरांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, आणि त्या नित्याच्या वापरासाठीं नव्हे, तर प्रदर्शन, मेळावा अशा कारणांसाठींच रस्त्यावर आणावयाच्या असतात. त्या नियमांना सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांतील मोठे फेरफार चालत नाहींत. झिजलेली नळी किंवा तडकलेला टायर बदलण्यास त्यांची आडकाठी नाहीं. तेव्हां विवेक असा ठेवावा : ज्यावर जीव अवलंबून आहे, म्हणजे टायर, ट्यूब, पेट्रोलची नळी, सीलें, मुठी व फूटरेस्ट, तेथें रबर जिवंतच हवें, मग तें नवें असलें तरी चालेल. गुडघ्याचें रबर, कारखान्याची मुद्रा असलेलें एखादें आवरण, असें ज्यावर केवळ गाडीची ओळख अवलंबून आहे, तेथें जुनें मूळ रबर शक्य तितकें राखावें. काढलेलें मूळ रबरही फेंकूं नये. आकार व माप यांचा तो शेवटचा साक्षीदार असतो, आणि पुढें कोणी सांचा करावयास निघाला तर त्याला त्याचाच आधार लागतो.

एखाद्या घरांत वडिलांनीं घेतलेली राजदूत गोठ्याच्या कडेला उभी असते. तिच्यावरून दूध गेलें, बियाणें आलें, आजारी माणूस दवाखान्यांत पोंचला. मुलगा ती विकीत नाहीं, कारण ती घरचीच झालेली असते. अशा गाडीवर माया करण्याची त्याची इच्छा असते, पण ती कशी करावी हें त्याला चामड्यानें शिकविलेलें असतें. बैलाचा खांदा मळणाऱ्या हाताला दोष देण्याचें कारण नाहीं. त्या हातानें फक्त एवढेंच ओळखावें कीं जनावर बदललें आहे. येत्या पोळ्याला तेलाची वाटी बैलासाठीं जरूर भरावी. फटफटीपाशीं जातांना मात्र साबणाचें पाणी, कोरडें फडकें आणि चिमूटभर शंखजिरें घेऊन जावें.